विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी गोव्याच्या समुद्रात उतरण्याआधी

माझं माहेर लातूरजवळचं. पोहायला मी आमच्या शेतातल्या विहिरीत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. धाकट्या भावाच्या आधी मी काठावरून सूर मारायला लागले होते. पुढे लग्न, शाळेतली नोकरी, दोन लेकरं. विज्ञान शिकवता शिकवता चाळिशी उलटली आणि गोव्याची आयर्नमन 70.3 ही शर्यत करायचं मनाने घेतलं. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन 90 किलोमीटर सायकल आणि त्याला लागून 21.1 किलोमीटर धावायचं. मी दोनदा उतरले. दुसऱ्यांदा पूर्ण केली. पहिल्यांदा पाण्यातून बाहेर आले तेव्हा पोहण्याची 1 तास 10 मिनिटांची मुदत संपून 6 मिनिटं झाली होती. घोट्यावरची वेळ मोजणारी चिप काढून घेतली आणि माझी शर्यत तिथेच थांबली. रस्त्यावर इतका घाम गाळला होता आणि सायकलला हातही लावता आला नाही.

आता लातूर, नांदेड, बीडकडची मुलंमुली विचारायला येतात. सायकल कोणती घ्यावी, बूट कोणते घ्यावेत हे सगळे विचारतात. पोहण्याचं कुणी विचारत नाही, कारण "पोहणं येतं की आम्हाला" असं प्रत्येकाला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून इथे पोहण्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिते आहे.

विहिरीत पोहणाऱ्याला पाण्याची भीती नसते, ही आपली मोठी कमाई आहे. खाली 50 फूट पाणी असलं तरी आपल्याला काही वाटत नाही. पण विहीर 30 फुटांची. चार हात मारले की भिंत येते, कपारीत बोटं अडकवली की दम खाता येतो. 1.9 किलोमीटर म्हणजे अशा विहिरीच्या 200 हून जास्त फेऱ्या, आणि समुद्रात भिंत नाही. शिवाय आपण मुंडी वर ठेवून पोहतो. मुंडी वर गेली की तराजूसारखे पाय खाली जातात आणि अर्धी ताकद बुडणारे पाय ओढण्यात संपते. पहिल्या वर्षी मी अशीच मुंडी वर काढून, दर दोन हातांनी पुढचा बोया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता फुगा, शोधत, नागमोडी गेले. घड्याळात 1.9 च्या जागी 2.4 किलोमीटर दिसत होते. मुदत तिथे गेली.

विहीर सोडू नका, फक्त तिच्यात पोहायची तऱ्हा बदला. मात्र पाण्यात उतरण्याआधी एक काम करा. मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडा, किटकॅट फ्यूज काढा आणि काठावर बसलेल्या माणसाच्या खिशात द्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बऱ्याच शेतांत स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो, लाइट आली की मोटार आपोआप चालू होते. पाणबुडी मोटारीची केबल कुठे सोललेली असेल तर पाण्यात करंट उतरतो. काठावर पोहता येणारं माणूस हवं, दोर बांधलेली ट्रकची ट्यूब हवी. एकट्याने कधीही उतरू नका, कितीही पट्टीचे पोहणारे असा.

आता श्वास. सूर मारणारा श्वास कोंडून धरतो, ती सवय आपल्या अंगात मुरलेली असते. लांब पोहताना तीच नडते. जीव घाबरा होतो तो बहुतेक वेळा हवा कमी पडल्याने नव्हे, तर आत कार्बन डायऑक्साइड साठल्याने. म्हणून तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहायचं, मान कडेला वळवली की नुसती हवा आत घ्यायची. मला हे जमायला तीन आठवडे लागले. भाऊ काठावरून ओरडायचा, "ताई, मुंडी खाली घाल, पाणी काय खाऊ लागलंय का तुला?" शेवटी मी छातीएवढ्या पाण्याच्या हौदात उभी राहून, वाकून, रोज 100 वेळा तेवढंच करत गेले. बुडबुडे, मान, हवा. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिका, कारण लाट कोणत्या अंगाने येईल हे आपल्या हातात नसतं.

एवढ्याशा विहिरीत सलग 50 मिनिटं कसं पोहायचं, यावर भावाने युक्ती काढली. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापल्या, तीन एकमेकींना गाठ मारून जोडल्या. एक टोक विहिरीच्या लोखंडी शिडीला, दुसरं सुती दोराने माझ्या कमरेला. पुढे जायला लागलं की रबर ताणतं आणि मागे ओढतं, म्हणजे पोहत राहा पण जागेवरच. कमरेला सुरगाठ घ्या, एका हाताने ओढली की सुटली पाहिजे. ती आधी जमिनीवर, मग पाण्यात दहा वेळा सोडून पाहा. पट्ट्या मोटारीच्या पाइपला किंवा केबलला बांधू नका. पहिल्या आठवड्यात 10-10 मिनिटांचे तीन डाव करा, पुढे दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. इथे अंतर मोजता येत नाही, फक्त वेळ. पण न थांबण्याची सवय लागते, आणि समुद्राला तीच लागते.

अंतर मोजायला पोहण्याचा तलाव लागतो. 25 मीटरच्या तलावात 1900 मीटर म्हणजे 76 लांब्या. मुदतीत बसायचं तर 100 मीटरला साधारण 3 मिनिटं 40 सेकंद पडतात, पण नेमकं तेवढ्यावर अवलंबून राहू नका. तलावात 100 मीटर 3 मिनिटांत आणि पूर्ण अंतर तासाच्या आत येत नसेल तर त्या वर्षी पैसे भरू नका असं मी स्पष्ट सांगते. आमच्याकडे तलावाची खात्री नसते हेही मला माहीत आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात घागरीसाठी रांगा होत्या, तेव्हा पोहण्याच्या तलावात पाणी भरा असं कोण म्हणणार? म्हणून वर्षाचा मेळ पाण्यावरून घालावा. शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास असते. मे-जूनमध्ये विहिरी तळाला जातात, तेव्हा तलाव मिळाला तर तलाव, नाही तर हौदातला श्वास आणि खांद्यांचा व्यायाम. ऑगस्टपासून विहिरींना पाणी चढतं, तिथून दोरीचं पोहणं सुरू करा.

एक सांगणं हात जोडून. सरावासाठी मांजरा किंवा जायकवाडीच्या जलाशयात परस्पर उतरू नका. ते लोकांच्या पिण्याचं पाणी आहे, जायकवाडी तर पक्षी अभयारण्यही आहे. खाली गाळ, मासेमाऱ्यांची जाळी, बुडालेली झाडं असतात आणि वाचवायला कुणी नसतं.

समोर पाहायची कला विहिरीतही शिकता येते. समोरच्या कपारीत लाल फडकं खोचायचं. दर आठ हातांनी, श्वास घेण्याच्या जरा आधी, फक्त डोळे पाण्यावर काढायचे, मगर काढते तसे. फडकं दिसलं की डोळे पुन्हा खाली. हनुवटी पाण्याबाहेर आली तर फार वर काढलं असं समजा. तलावात गर्दी नसेल तेव्हा डोळे मिटून दहा हात मारून पाहा, आपण कोणत्या बाजूला वाहवतो ते कळतं. मी डावीकडे जाते. हे ठाऊक झाल्यापासून मी बोया बघताना थोडी उजवी बाजू धरते.

गर्दीचा सरावही करा. शर्यतीत कुणाचा हात डोक्यावर पडतो, कुणाची लाथ गॉगलला बसते. मी दिवाळीच्या सुट्टीत भाचरांना विहिरीत घेतलं, चौघंजण अंगाला अंग लावून पोहलो, त्यांना सांगितलं की आत्याचा गॉगल ओढा. गॉगलमध्ये पाणी गेलं की पाठीवर वळायचं, काच थोडी उचलून पाणी सोडायचं, पुन्हा लावायचा. दहा-बारा वेळा केलं की भीती जाते. शर्यतीत गॉगलचा पट्टा टोपीच्या आतून घ्या, म्हणजे सहसा निसटत नाही.

आता खुद्द समुद्र. निदान तीन दिवस आधी पोहोचा. आम्ही गाडीने सोलापूर, कोल्हापूर, आंबोली करत गेलो, सायकलची चाकं काढून मागच्या सीटवर. जीवरक्षक असतील तिथे, त्यांना विचारून, दोन सकाळी अर्धा-अर्धा तास पोहा. लाल झेंडा असेल तर मुळीच नाही. पहिल्या घोटालाच मळमळतं, इतकं ते पाणी खारट आहे. शर्यतीच्या सकाळी ती चव नवी नसावी, म्हणून हे दोन दिवस. पण त्याच मिठामुळे समुद्र आपल्याला गोड्या पाण्यापेक्षा जास्त वर धरतो. विहिरीत माझे बुडणारे पाय तिथे आपोआप वर आले, तेव्हा मला अक्षरशः हसू फुटलं. मानेला आणि काखेत व्हॅसलीन लावा, मिठाने कातडी सोलते.

सुरुवात करताना स्वतःच्या वेगाच्या माणसांत उभे राहा आणि कडेची जागा धरा. पहिले 200 मीटर मुद्दाम सावकाश. जीव घाबरलाच तर पाठीवर पडा, विहिरीत मुडद्यासारखं पडून राहतो तसं, आणि दहा श्वास मोजा. पाण्यात मदतीला छोट्या होड्या असतात. हात वर केला की येतात. त्यांना धरून विसावा घेतलेला नियमात चालतो, फक्त धरून पुढे सरकायचं नाही. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. होडीला हात लावला की बाद करतील या भीतीने मी दमलेली असूनही लांबूनच गेले. दुसऱ्या वर्षी दोनदा धरली, मिळून मिनिटभर, आणि 62 मिनिटांत बाहेर आले. शेवटच्या 100 मीटरला पाय जरा जास्त मारा, नाही तर वाळूत उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

पाण्यातून सायकलकडे जाताना लक्षात ठेवायचं ते थोडकं आहे. आधी हेल्मेट, त्याचा बकल लावायचा, मगच सायकलला हात. उलटं केलं तर दंड. ठरलेल्या रेषेपलीकडे गेल्यावरच बसायचं. पुढच्या सायकलच्या मागे वारा चुकवत चालायचं नाही, 12 मीटर अंतर ठेवायचं आणि ओलांडायचं तर 25 सेकंदांत. कानात गाणी चालत नाहीत. बाकी मुदती आणि नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट वाचा. साधारणपणे सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकल आणि साडेआठ तासांत सगळं संपवावं लागतं.

सायकलचा सराव आपल्याकडे उत्तम होतो. मी लातूरहून औसा आणि पुढे तुळजापूरच्या दिशेने जाते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे जाताना सगळा तोंडावर आणि येताना पाठीशी. जाताना वेगाचा आकडा बघू नका, पायांवर किती जोर पडतो ते बघा. वाटेत उजनी गावाला बासुंदीसाठी थांबावंसं वाटतं, ती परतीला खा. सायकल महागाची नको, मी जुनी घेतलेली रोडबाइक चालवते. पैसे खर्चायचेच तर सीट आणि पॅड असलेल्या चड्डीवर खर्चा. बायकांनी बायकांसाठीची रुंद सीट बसून पाहूनच घ्यावी. नाही तर 60 किलोमीटरनंतर होणारा त्रास आपण कुणाला सांगतही नाही आणि सायकल सोडून देतो. आणि लघवी लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका. रस्त्यावरचे पेट्रोलपंप आधी हेरून ठेवा, स्वच्छतागृह कुठे उघडं असतं ते विचारून घ्या. मी सहसा दोघींनी जाते आणि फोनवरून घरी ठिकाण दिसत राहील असं करते.

आपल्या रस्त्यांवर दोन गोष्टींना जपायचं, सराटा आणि उसाच्या ट्रॉल्या. पाऊस सरला की कडेच्या गवतात सराटे वाळतात. चहाला थांबून सायकल मातीत उतरवली की टायरला दहा चिकटतात. पुन्हा बसण्याआधी हातमोजा घातलेला तळवा फिरत्या टायरवर हलकेच धरा. पंक्चर झालंच तर नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा, उरलेला काटा फडक्याला अडकतो. मी एकदा घाईत हे केलं नाही, दोन मिनिटांत नवी ट्यूबही गेली. आणि दुकानातून ट्यूब घेताना तोंडाची जाडी तपासा. एका दुकानदाराने मला जाड तोंडाची ट्यूब दिली, माझ्या रिमचं भोक बारीक तोंडाचं. हे मला औशाच्या पुढे, उन्हात, ट्यूब हातात धरल्यावर कळलं. 11 किलोमीटर सायकल ढकलत आणली. तेव्हापासून घरी एकदा बसवून पाहिल्याशिवाय ट्यूब पिशवीत जात नाही.

उसाची तोड सुरू झाली की अंधारात सायकल काढायची नाही. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, ऊस बाहेर आलेला असतो, आणि दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या तर मागची हेलकावे खाते. मी त्या महिन्यांत उजाडल्यावर निघते, सराव झाला तर झाला, नाही तर नाही. दिवसाही मागचा लाल दिवा लावलेला असतो.

धावण्याबद्दल एकच मोठी चूक सांगते, कारण ती आपल्याकडचे सगळे करतात. आपण म्हणतो, आम्हाला उन्हाचं काय, आम्ही 42 डिग्रीत वाढलो. पण आपला उन्हाळा कोरडा असतो. घाम आला की उडतो, उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. गोव्यात हवेतच इतकं पाणी असतं की घाम उडत नाही, नुसता ठिबकतो, आणि आतला ताप आतच राहतो. पारा 32 वर असतो आणि अंग मात्र एप्रिलमधल्या दुपारसारखं तापतं. यावर उपाय एप्रिलमध्ये सापडत नाही, ऑगस्टमध्ये सापडतो. पाऊस पडून ऊन पडलं की जी घुसमट होते, तेव्हा सकाळी 10 ला 40 मिनिटं पळा, सावकाश, सोबत कुणीतरी ठेवून. आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे. चक्कर, थंडी वाजल्यासारखं होणं, बोलणं अडखळणं यांपैकी काही झालं तर तिथेच थांबा, सावलीत बसा, अंगावर पाणी ओता. शर्यतीत माझा दर किलोमीटरचा वेळ लातूरपेक्षा सव्वा मिनिटाने वाढला होता. तो आधीच धरून चला. प्रत्येक पाणीकेंद्रावर चालत जा, टोपीत बर्फ घाला.

दर रविवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या 15-20 मिनिटं पळायचं. पहिले पाच मिनिटं पाय दुसऱ्याचे वाटतात. ते तसंच असतं, पळत राहा, सुटतात.

खाण्यात मी बाहेरचं फार थोडं वापरते. सायकलवर तासाला 40 ते 60 ग्रॅम पिठूळ-गोड, म्हणजे कर्बोदकं, पोटात जायला हवं. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम. म्हणजे तासाला एक केळं, दोन राजगिऱ्याच्या वड्या आणि बाटलीत गूळ-लिंबू-मीठ. शेंगदाण्याची चिक्की मला आवडते, पण तेलकट म्हणून जोरात चालवताना पोटात बसून राहते. ती सराव संपल्यावर, दही-धपाट्याबरोबर. नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस कोसळू शकतो. धावताना मी मीठ-साखरेचं पाणी घेते, लिटरभर पाण्याला सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मोजून. शर्यतीच्या दिवशी काहीही पहिल्यांदा खायचं नाही.

पैसे भरण्याआधी डॉक्टरांकडून ईसीजी आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. माझं हिमोग्लोबिन 9.4 निघालं होतं आणि मी वर्षभर दमते म्हणून स्वतःलाच बोल लावत होते. औषधाने चार महिन्यांत 12 वर आलं, तेव्हा तीच विहीर सोपी झाली.

शेवटचं काम घरी आल्यावरचं. समुद्राची हवा आणि खारट घाम लोखंड खातात. पोहोचल्या दिवशीच सायकल गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा, साखळीला तेल द्या, हँडलवरची पट्टी सोडवून खालचं मीठ पुसा. पहिल्या वर्षी मी शर्यत गेली म्हणून सायकल तशीच भिंतीला टेकवून ठेवली आणि आठवडाभर तिच्याकडे बघितलंही नाही. साखळी तांबडी होऊन आखडली होती. भावाने ती रॉकेलमध्ये रात्रभर भिजत घातली, सकाळी एक-एक कडी बोटांनी वाकवून मोकळी केली आणि विचारलं, "ताई, दोरी बांधू का विहिरीत?"